जुन्या गिटारींच्या माना : लहान हाताला जाड मान कशी काय मानवते?

तारेवरची_कसरत

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४७, मुक्काम न्यू जर्सी, नोकरी संगणकाची, हात लहान. किती लहान? कॉलेजात असताना पुण्यात गिटारच्या क्लासला गेलो, तर सरांनी पहिल्याच दिवशी माझा पंजा स्वतःच्या पंजाला लावून बघितला आणि विचारलं, "तबल्याकडे का नाही गेलास रे?" तेव्हापासून डोक्यात एकच गणित बसलं. हात लहान, म्हणजे नेक बारीक हवा. (नेक म्हणजे गिटारीचा लांब दांडा, ज्यावर डावा हात फिरतो. त्याला इथून पुढे मी मान म्हणणार आहे. शुद्धलेखनवाल्यांना आवडेल, गिटारवाल्यांनी सहन करावं.) त्या गणितापायी वीस वर्षं पातळात पातळ मानेच्या गिटारी घेत आलो. सध्याच्या गिटारीची मान पहिल्या पडद्याशी (पडदा म्हणजे फ्रेट, मानेवरची धातूची आडवी पट्टी) १७ मिमी जाड आहे. शाळेतली लाकडी फूटपट्टी धरल्यासारखी.

गेलं दीड वर्ष डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय. अर्धा तास वाजवलं की अंगठा आखडतो आणि बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायच्या तो) धरवत नाही.

आता मुद्दा. गेल्या शनिवारी जुन्या गिटारींच्या एका दुकानात गेलो होतो. मालक ओळखीचा. त्याने भिंतीवरून १९५७ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर काढून हातात दिली. ती घ्यायची माझी ऐपत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मान हातात घेतली तर मागून चक्क कणा! किनाऱ्यावर होडी पालथी घातली की तळाला जशी धार दिसते तसा, फक्त गुळगुळीत. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात तो अस्सा बसला की मी मालकाकडे बघतच राहिलो. पाऊण तास वाजवलं. अंगठा गप्प.

मग त्याने १९६७ ची गिब्सन एसजी ज्युनिअर दिली. मान बारीक आणि अरुंद, म्हणजे माझ्या गणितात अगदी बसणारी. दहा मिनिटांत अंगठा बोलायला लागला, आणि साध्या डी कॉर्डला बोटं एकमेकांच्या पायात पाय घालायला लागली. ही मात्र ओढूनताणून परवडेल अशी आहे. मालक म्हणाला, मान अरुंद म्हणूनच स्वस्त.

तर प्रश्न दोन. जाड मान लहान हाताला कशी मानवली? आणि ती एसजी घ्यावी का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोंबील_फ्राय

अंगठा दुखतो तर हाडाच्या डॉक्टरकडे जा की. गिटारवाल्याकडे काय जाता?

(बाकी धागा झकास. शेंगदाणे घेऊन बसलोय.)

तारेवरची_कसरत

गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हाताने चिमटीत काही घट्ट धरण्याचं काम करता का?" मी म्हटलं नाही. घरी येऊन गिटार हातात घेतली तेव्हा ट्यूब पेटली.

सहावा_पडदा

बाईंनी निम्मं उत्तर देऊन टाकलंय. उरलेलं निम्मं मी देतो, जरा लांबेल.

बारीक पेनाने तीन तासांचा पेपर लिहिलाय कधी? जाड पेनापेक्षा बारीक पेनानेच बोटं जास्त दुखतात. पातळ मानेचं तेच. मागे भरायला काही नाही, त्यामुळे तळहात मानेला टेकतच नाही. अंगठा एकीकडून आणि चार बोटं दुसरीकडून अशी पक्कड होते, आणि सगळा भार अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो. मान भरलेली असली की हात उघडा राहतो आणि भार तळव्यावर वाटला जातो. हाताचा आकार यात दुय्यम आहे. तुम्ही वीस वर्षं बोटांची लांबी मोजत बसलात, दुखत होता अंगठा.

दुसरी गोष्ट. 'जाड-बारीक' या एका शब्दात लोक तीन वेगळी मापं कोंबतात. नटपाशी (मानेच्या डोक्याकडची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) रुंदी किती, मागून-पुढून जाडी किती, आणि खांदे कसे आहेत. खांदे म्हणजे मानेची कड आणि पाठ यांच्या मधला भाग. तिथे लाकूड ठेवलं की आकार इंग्रजी यू किंवा डीसारखा होतो, तिथलं तासलं की व्ही. जाडी तीच ठेवून नुसते खांदे उतरवले तर तीच मान हाताला कितीतरी लहान लागते. १९५७ च्या व्हीची गंमत हीच. मधोमध जाड, दोन्ही बाजूंना उतरती. बेचक्याला आधार मिळतो आणि बोटांना वाटेत लाकूड आडवं येत नाही.

आता फेंडरचा इतिहास पळत पळत. १९५० च्या ब्रॉडकास्टरपासून (तिचीच १९५१ मध्ये टेलिकास्टर झाली) १९५४ च्या पहिल्या स्ट्रॅटपर्यंत (म्हणजे स्ट्रॅटोकास्टरपर्यंत) माना भरदार. अमेरिकन लोक त्यांना बेसबॉलची बॅट म्हणतात, आपण क्रिकेटच्या बॅटची मूठ म्हणू. १९५५ च्या सुमारास व्ही यायला लागला, १९५६-५७ मध्ये तो ऐन भरात होता. १९५८ पासून पाठ परत गोल झाली आणि १९५९-६० ला पातळ. म्हणजे जेमतेम दहा वर्षांत फेंडरच्या त्याच फुलर्टन गावच्या कारखान्यातून चार तऱ्हेच्या माना बाहेर पडल्या. आणि ज्याच्या नावावर हे सगळं खपतं त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! वाजवणारे येऊन सांगायचे, तो ऐकायचा.

तुमच्या एसजीची कथा वेगळी. गिब्सनची नटपाशी रुंदी आधी १ ११/१६ इंच, म्हणजे ४३ मिमीच्या जवळ. १९६५ मध्ये ती १ ९/१६ वर, म्हणजे ३९.७ मिमीवर आणली आणि दशकाच्या अखेरीपर्यंत तशीच ठेवली. तीन मिमी ऐकायला काहीच नाही. पण सहा तारांमध्ये पाच फटी असतात, प्रत्येक फट अर्ध्या मिमीहून जास्त आखडते. तुमच्या डी कॉर्डची बोटं तिथेच अडखळली.

राधिका_कोमल_नि

लहान हाताच्या क्लबातून लिहिते आहे. माझा पंजा तुमच्यापेक्षा नक्की लहान असणार, पैज.

सहावा_पडदा यांचं म्हणणं पटलं, पण एक गोष्ट त्यांनी धरलीच नाही. तुम्ही अंगठा ठेवता कुठे? क्लासमध्ये शिकवतात तसा मानेच्या पाठीवर मधोमध, की वरून डोकावणारा? व्ही हा दुसऱ्या जातीच्या लोकांसाठी आहे. मान मुठीत धरायची, अंगठा वरच्या कडेवर टेकवायचा, वेळ पडली तर जाड तारही त्यानेच दाबायची. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स बरेचसे बार कॉर्ड असेच धरायचा. एरिक क्लॅप्टनची काळी स्ट्रॅट, 'ब्लॅकी', आठवते? १९७० मध्ये नॅशव्हिलच्या दुकानातून त्याने सहा जुन्या स्ट्रॅट घेतल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तीन खोलून त्यांची एक केली. त्या १९५६-५७ च्या होत्या, मानेला व्ही. १९८८ मध्ये फेंडरने त्याच्या नावाची गिटार काढली तीही व्हीचीच, जरा सौम्य.

मी मात्र अंगठा मधोमध ठेवणारी. मला व्ही दिला की अंगठ्याच्या पेराखाली कणा टोचतो, दहा मिनिटांत मी वैतागते. मला लागते गोल पाठ, मध्यम जाडी. तेव्हा "लहान हाताला व्ही घ्या" असं कोणी या धाग्यावरून शिकू नका, प्लीज. माझ्या दोन विद्यार्थिनी असंच काहीतरी वाचून गिटार घेऊन आल्या होत्या.

तारेवरची_कसरत

राधिकाताई, आत्ता उठून आरशासमोर बघितलं. बसून सराव करताना अंगठा मधोमध, आणि गाणं रंगात आलं की वर. दुकानात पाऊण तास तो वरच होता.

राधिका_कोमल_नि

मग तुमचं निदान झालं की. फी कुठे पाठवताय?

जुनं_लाकूड

शंका. इथे बेंगळुरूला एक जण १९६४ ची फेंडर विकतोय. म्हणतो, "सी नेक आहे, आरामदायक." मान काढून खालच्या टोकावरचा शिक्का दाखवला, त्यावर तारखेच्या शेवटी 'बी' आहे. मग हा सी म्हणतो ते खोटं का?

सहावा_पडदा

खोटं असेलच असं नाही, पण घोटाळा जुना आहे आणि त्यात भलेभले पडतात. १९६२ पासून पुढे दशकभर फेंडरच्या मानेच्या बुडाशी जे अक्षर मारलेलं असतं ते *रुंदीचं* आहे, पाठीच्या आकाराचं नव्हे. ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे १ ५/८ (४१.३ मिमी, हीच नेहमीची), सी म्हणजे पावणेदोन, डी म्हणजे १ ७/८. आजकाल आपण सी, डी, यू, व्ही म्हणतो ते मान आडवी कापली तर दिसणाऱ्या आकाराला. एकच मान शिक्क्याने बी आणि आकाराने सी असू शकते, १९६४ च्या बहुतेक तशाच आहेत. आणि खरोखर 'सी' शिक्का असलेली निघाली तर ती रुंद, क्वचित सापडणारी. त्या अक्षरावर गिऱ्हाइकाला फिरवणारे मी पाहिलेत.

मिरजेचा_पाहुणा

हा धागा आत्ता पाहिला. मी मूळचा मिरजेचा, घराच्या मागल्या गल्लीत सतारींचं काम, लहानपण भोपळ्यांच्या राशीत गेलं. आता पुण्यात गिटारी दुरुस्त करतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं.

वर सगळे आकडे बोलतायत. आकडे घ्याच, पण एक सोपी युक्ती सांगतो, पैसे लागत नाहीत. सोल्डरची जाड मऊ तार मिळते ना, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात? तिचा वीतभर तुकडा घ्या. पहिल्या पडद्यापाशी मानेच्या पाठीवर गुंडाळून अंगठ्याने हळूच दाबून बसवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. अलगद सोडवून कागदावर ठेवा आणि आतून पेन्सिल फिरवा. तेच दहाव्या पडद्यापाशी. मानेचा छाप तुमच्या हातात. मालकाला आधी विचारा आणि तारेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे पॉलिशला चरा जाणार नाही. माझ्याकडे अशा छापांची एक वहीच झाली आहे. दोन माना कॅलिपरवर (जाडी मोजायच्या चिमट्यावर) अगदी सारख्या, पण छाप एकावर एक ठेवले की एकीचे खांदे दीड मिमी बाहेर असतात. हाताला कळतं ते हे, कॅलिपरला कळत नाही.

दुसरं. "५९ ची मान", "५७ ची मान" असं लोक बोलतात तेव्हा मला हसू येतं. त्या काळी यंत्रावर ढोबळ आकार काढायचे आणि पुढचं काम माणूस पट्ट्याच्या सँडरवर हाताने फिरवून करायचा. फुलर्टनला आणि गिब्सनच्या कलमाझूच्या कारखान्यातही. फेंडरकडे तादेओ गोमेझ नावाचा कारागीर होता, पन्नाशीच्या दशकातल्या कित्येक मानांच्या बुडाशी त्याची 'टीजी' अशी पेन्सिलीतली अक्षरं सापडतात. हाताने घासलेली वस्तू सोमवारी एक होते, शुक्रवारी दुसरी. गिब्सनच्या लेस पॉल गिटारीचं ढोबळमानाने खरं आहे: १९५८ ची जाड, १९५९ ची मधली, १९६० ची पातळ. पहिल्या पडद्याशी १९५९ ची साधारण २२-२३ मिमी, १९६० ची २० च्या आसपास. पण १९६० च्या सुरुवातीची मान १९५९ सारखी जाड निघते तेव्हा कोणाला सांगायचं? गिटार कॅलेंडर बघून बनत नाही.

तिसरं आणि मला महत्त्वाचं वाटतं ते. तारेवरचीराव, दुकानातल्या १९५७ मध्ये तुम्हाला जे आवडलं ते सगळं आकाराचं नाही. सत्तर वर्षांच्या हातांनी तिच्या फ्रेटबोर्डच्या (मानेच्या पुढच्या, पडदे बसवलेल्या फळीच्या) कडा गोल झाल्यात, पाठीवरचं लॅकर झिजून काही ठिकाणी लाकूड उघडं पडलंय. ते हाताला चिकटत नाही, सरकतं. नव्या गिटारीला नेमका तोच व्ही काढून दिला तरी कडा धारदार असतील तर तुम्ही म्हणाल, "ती मजा नाही." कडा हलक्या हाताने गोल करून घेता येतात, तासाभराचं काम.

जुनं_लाकूड

+१. वाचनखूण साठवली आहे.

तासण्यावरून माझी रडकथा. सत्तरच्या दशकातली एक गिटार होती माझ्याकडे, मान जाडजूड. पंचवीस वर्षांचा होतो, अक्कल बेताची. एका दुरुस्तीवाल्याला दिली, म्हटलं "बारीक करून दे." त्याने पाठ घासली, छान चकचकीत केली, मला आवडलीही. पहिल्या पावसाळ्यात मान हलायला लागली. आज तारा उचललेल्या, उद्या पडद्यांवर खडखड. दर आठवड्याला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली सळई) पिळायचा. शेवटी पाठीवरची ती अक्रोडाची काळी पट्टी एका जागी कागदासारखी पातळ झाली होती आणि खालून सळईचा आकार हाताला लागायला लागला. मान गेली. गिटार विकली तेव्हा ती नुसतं धड म्हणून विकली.

मिरजेचा_पाहुणा

अरेरे. ती पट्टी उगाच नक्षी म्हणून नसते. फेंडरच्या एकसंध मॅपलच्या (एका फिकट, कठीण लाकडाच्या) मानेत सळई पाठीमागून खाच पाडून घालतात आणि वरून ती पट्टी बसवतात. त्यामुळे पाठ घासली की आधी सळईवरचंच छप्पर जातं. १९५८-५९ मध्ये शिसवीचा वेगळा फ्रेटबोर्ड आला तेव्हा सळई वरून घालायला लागले, म्हणून त्या मानांना पट्टी नाही. तिथे खांदे थोडे उतरवायला जरा वाव असतो. तरी मी जुन्या गिटारीची मान कधी घासून देत नाही. गिऱ्हाईक रागावून जातं, जाऊ दे. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही.

जुन्या मॅपलच्या मानांचे पडदे बदलायचे असतील तर आणखी एक. फेंडर तेव्हा पडदे वरून ठोकत नसे, कडेने सरकवून बसवत असे. हे न कळलेला माणूस पक्कड लावून वर उपसतो आणि बरोबर लाकडाच्या ढलप्या निघतात. काम देण्याआधी एवढं एकच विचारा, "पडदे कसे काढणार?" समोरचा "कडेने" म्हणाला तर गिटार ठेवा, नाहीतर चहा पिऊन या.

अनवट_सूर

मी गिटारवाला नाही, सतार वाजवतो. हौसेने एक स्ट्रॅट घेतली आहे, जुन्या घाटाची. बाराव्या पडद्याच्या पुढे बारीक तार ओढून मींड घ्यायला गेलो की सूर मधेच मरतो. सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच सुरांपर्यंत ओढतो, तिथे कधी असं होत नाही. दोष हाताचा की वाद्याचा?

मिरजेचा_पाहुणा

दोष हाताचा नाही, गोलाईचा. जुन्या फेंडरचा फ्रेटबोर्ड सव्वासात इंच त्रिज्येच्या नळकांड्याचा तुकडा समजा, म्हणजे चांगलाच फुगीर. बारीक तार असते उतारावर. ती ओढली की टेकडी चढून माथ्यावर येते, आणि पुढचे पडदे तिथे उंच असल्याने तार त्यांना टेकते. संपला सूर. गिब्सनचा बोर्ड १२ इंची, जवळजवळ सपाट, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. सतारीचे पडदेही कमानदारच, पण तार पडद्यांपासून इतकी वर असते की तिला टेकायला जागाच नाही.

उपाय: ब्रिजवर (तारांच्या धडाकडच्या टेकूवर) ती तार थोडी उचला. नाहीच भागलं तर वरच्या पडद्यांच्या माथ्याची गोलाई चांगल्या कारागिराकडून थोडी सपाट करून घ्या. बोर्डाला हात लावू देऊ नका. आणि हे पण ऐका, त्या गोलाईचा फायदाही आहे. नटकडच्या बाजूला बार कॉर्ड धरताना बोट आपोआप तिच्यावर वळतं. तारेवरचीरावांच्या अंगठ्याला १९५७ वर जो आराम मिळाला त्यात थोडा वाटा या फुगीर बोर्डाचाही असणार. कमी जोरात बार लागतो.

बोंबील_फ्राय

आता मी पण सीरियस. वसईत राहतो, माझ्या गिटारीच्या मानेला जुन्या पद्धतीचं नायट्रो लॅकर आहे. जून ते सप्टेंबर ती मान म्हणजे गूळ लावलेली परात. हात वर सरकवला तर मान सोबत येते. टाल्कम पावडर लावून वाजवलं एकदा. टी-शर्ट बघून बायको म्हणाली, कॅरम खेळायला गेला होतास का?

राधिका_कोमल_नि

पावडर नको हो! तारांत जाऊन बसते. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर घ्या, नवा आणि कोरडा. त्याने पाठीची चकाकी मारा, लांबीच्या दिशेने, हळूहळू. लॅकर काढायचं नाही, फक्त आरशासारखं चकाकतंय ते मंद करायचं. आमच्या ठाण्यात निम्मे विद्यार्थी जूनच्या पहिल्या आठवड्यात हेच करतात.

पण खरी विंटेज असेल तर हात लावू नका, मूळ फिनिशचीच निम्मी किंमत असते.

बोंबील_फ्राय

विंटेज आहे, म्हणजे २०११ ची.

अनवट_सूर

अवांतर: शिसवीवरून आठवलं. अमेरिकेतून जुनी गिटार भारतात आणताना लाकडाचे कागद लागतात असं ऐकलं. ते काय प्रकरण?

सहावा_पडदा

थोडक्यात सांगतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बोर्डाला ब्राझिलची शिसव वापरत. ती १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे, कागदांशिवाय सीमा ओलांडू नका. नंतर कंपन्या भारतीय शिसवीकडे वळल्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढते तीच. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जाती यादीत आल्या आणि वाद्यवाल्यांची धावपळ उडाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझिलची सोडून. १९५७ च्या स्ट्रॅटची मान सबंध मॅपलची, तिला ही भानगडच नाही.

जुनं_लाकूड

आणि जाड मानेने आवाज भारी येतो म्हणतात, त्याचं काय?

सहावा_पडदा

तो वाद सुरू केलात तर धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल आणि अंगठा राहील बाजूला. कृपा करा.

तारेवरची_कसरत (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, अहवाल द्यायचा आहे.

मिरजेचे पाहुणे, तुमची सोल्डरची तार घेऊन परत त्या दुकानात गेलो. मालकाने आधी मला वेड्यात काढलं, मग स्वतःच टेबलावर कागद पसरून दिला. चिकटपट्टी गुंडाळून दोन्हींचे छाप घेतले. कॅलिपरवर पहिल्या पडद्याशी १९५७ भरली २१.८ मिमी आणि एसजी २०.४. फरक जेमतेम दीड मिमी! पण कागदावर दोन्ही एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले तेव्हा कळलं. एसजीची पाठ मधे सपाट आणि खांदे चौकोनी, पावाच्या स्लाइससारखे. १९५७ मधे बाहेर आणि दोन्ही बाजूंना उतरती, जांभळाच्या टोकासारखी. मालक ते दोन कागद बघत बसला. त्याने तिसरा छाप दुकानातल्या एका १९६३ च्या स्ट्रॅटचा स्वतःच घेतला आणि म्हणाला, तार इथेच ठेवून जा.

एसजी घेतली नाही. राधिकाताईंच्या सांगण्यावरून तिच्यावर अंगठा वर ठेवून अर्धा तास वाजवून पाहिलं. आधीपेक्षा बरं वाटलं, पण बोटांची गर्दी तशीच. ३९.७ मिमीशी माझं जमणार नाही.

मग केलं काय? लेकीची सहा वर्षांपूर्वीची स्ट्रॅटच्या घाटाची स्वस्तातली गिटार तळघरात धूळ खात पडली होती. तिला विचारलं, ती म्हणाली, "बाबा, मी आता ड्रम्स वाजवते, हे तुला माहितीये ना?" फेंडरच्या घाटाची मान चार स्क्रूंनी बसते, हे डोक्यात आलं. लिओ फेंडरचा हिशोब साधा होता: मान झिजली की ती काढा, दुसरी लावा, गिटार चालू. मी फक्त मान विकत घेतली. नवी, मॅपलची, १९५७ च्या घाटाचा सौम्य व्ही, ४१.३ मिमी. बुडाशी रुंदी नेहमीची २ ३/१६ इंच, लेकीच्या गिटारीच्या खाचेत एकदाच किंचित घासून फिट बसली. खर्च एसजीच्या आठव्या हिश्श्याहून कमी.

कडा धारदार होत्या, पाहुणे म्हणाले होते तशाच. दोन संध्याकाळी बारीक पॉलिशपेपरने दोन्ही कडा फक्त मोडल्या, गोल नाही केल्या, भीती वाटली. पाठीवर हिरवा स्क्रबर.

अंगठा सध्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटं साथ देतो. त्यापुढे मीच थांबतो.

मिरजेचा_पाहुणा

वा! कडा अर्धवट सोडल्यात तेच बरं केलंत. पुढच्या वेळी पुण्यात आलात की घेऊन या, उरलेलं मी करून देतो. छापांचे कागद पण आणा, वहीत १९५७ चा अस्सल छाप नाहीये माझ्याकडे.

बोंबील_फ्राय

आणि ती जुनी पातळ मानेची गिटार? पट्टी म्हणून विकताय का? पोराच्या भूमितीला हवी होती.